रिव्हर्सचा आवाज

चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून माझ्या मुलाने माझ्याच गाडीतला, उत्तम चालणारा स्टिरिओ काढून टाकला. वर मी खूश व्हावं अशी त्याची अपेक्षा होती.

आमच्या यशवर्धनला भेट या शब्दाचा अर्थ कधीच कळला नाही. दहावीत असताना त्याने आईच्या वाढदिवसाला क्रिकेटची बॅट आणली होती. आता तो शेहेचाळीस वर्षांचा आहे, विजयनगरला त्याचं टाइल्सचं शोरूम आहे आणि बॅटच्या जागी दहा इंची स्क्रीन आली आहे. प्रगती म्हणायची तर एवढीच.

"बाबा, ये डब्बा कब तक?" तो म्हणाला. "आता सगळ्यांच्या गाडीत मोठी स्क्रीन असते. नकाशा, गाणी, पिच्चर, सब कुछ."

"गाडी चालवताना पिच्चर कोण बघतो?"

"फीचर आहे बाबा. असायला पाहिजे."

असायला पाहिजे! या दोन शब्दांवर आमचं घर चाललंय. घरात वर्तमानपत्र कोणी उघडत नाही, पण पुस्तकांचं काचेचं कपाट असायला पाहिजे. पणजोबा होळकर सरकारात नक्की काय करत होते ते कोणाला ठाऊक नाही, पण बैठकीत भिंतीवर तलवार असायला पाहिजे. माझ्या अंदाजाने पणजोबा पागेतल्या घोड्यांना दाणा घालत असावेत. तलवार यशवर्धनने इथल्या लालबागच्या जत्रेतून आणली आहे, आणि पाहुणे आले की तिची लढाई दरवेळी वेगळी असते.

गाडी मात्र माझी होती. एकोणीस वर्षं कापड गिरणीच्या विणाई खात्यात काढली, गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं स्कूटरवर गावोगाव औषधं विकली, आणि सदुसष्टाव्या वर्षी ही पांढरी गाडी घेतली. कंपनीचा स्टिरिओ साधा होता. दोन गोल बटणं, मधे हिरव्या आकड्यांची पट्टी. स्टिअरिंगवरच्या बटणाने आवाज कमीजास्त व्हायचा, फोन उचलता यायचा. सात वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे, आणि ऐकणारा घड्याळाकडे बघू लागला तरी पुरं करूनच सोडत असे.

शेजारच्या सीटवर कायम लक्ष्मी, म्हणजे माझी बायको. हिचा पाय घरात ठरत नाही. मी दूध आणायला निघालो तरी ही पदर सावरत गाडीत येऊन बसणार. दर गुरुवारी महूला तिच्या बहिणीकडे, यशोधराकडे, जायचं ते वेगळंच.

तर वाढदिवसाला सकाळी यशवर्धन मला सियागंजच्या बाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत घेऊन गेला. तिथे देवेंद्र नावाच्या त्याच्या मित्राचं दुकान. दुकानाबाहेर सीट कव्हरं, हॉर्न आणि निळे दिवे टांगलेले. देवेंद्रने मला वाकून नमस्कार केला आणि पाचव्या मिनिटाला बटर लावायच्या सुरीने माझा डॅशबोर्ड उचकटला. फोन खांदा आणि कान यांच्यात दाबलेला, तोंडात सुपारी, हातात सुरी. मागून तारांचा गुच्छ ओढून काढला आणि कचकन कापला.

"अहो, तार कापताय का?"

"अंकलजी, टेन्शन मत लो. इसका प्लग मिलता नहीं. ऐसेच होता है."

"आणि स्टिअरिंगची बटणं?"

"अब टच है ना! बटन कौन दबाता है?"

"मी दाबतो."

"अरे भिया," तो यशवर्धनला म्हणाला, "अंकलजी बडे मजाकिया हैं."

मग त्याने तारांचं प्लास्टिक दातांनी सोललं. होय, दातांनी. सुपारी एका गालात सरकवली आणि एकेक तार चघळून काढली. तारेला तार पिळली, वर काळी पट्टी गुंडाळली, आणि तो सगळा गुंता आत कोंबून स्क्रीन बसवली. माझा जुना स्टिरिओ त्याने फळीवर फेकला. यशवर्धन टाळ्या वाजवत होता. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, इथे तर दोन ओढे एकत्र आले होते.

स्क्रीनचं वर्णन काय करावं? किल्ली फिरवली की आधी अर्धं मिनिट एक निळं वर्तुळ फिरायचं. मग एक बाई इंग्रजीत स्वागत करायची. देवेंद्रने सोबत मागे एक कॅमेराही बसवला होता; त्याचं चित्र यायचं तेव्हा मी फाटकाबाहेर पोचलेलो असायचो, आणि चित्रात डावीकडची भिंत उजवीकडे दिसायची. मी स्क्रीनकडे बघणंच सोडून दिलं. स्टिअरिंगची बटणं मेली होती. यशवर्धनने मात्र पहिल्याच दिवशी गाडीतला फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

दीड महिना असा गेला. मग यशोधराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लक्ष्मी चार दिवसांसाठी महूला राहायला गेली. पाचव्या दिवशी सकाळी तिला आणायला मी निघालो. फाटक उघडलं, गाडीत बसलो, आरशात बघितलं, रिव्हर्स टाकला आणि गाडी मागे घेतली. माझी मान वळत नाही, ती गोष्ट वेगळी, पण या फाटकातून मी हजारदा गाडी काढली आहे.

धाडकन आवाज झाला. तो मात्र चांगला ऐकू आला.

शेजारच्या नीरजाची स्कूटर. ती बँकेत नोकरी करते. स्कूटर आमच्या फाटकासमोर उभी करून ती टिफिन विसरला म्हणून आत गेली होती. बाहेर आली तेव्हा स्कूटर आडवी, हँडल वाकडं, आणि माझं मागचं चाक तिच्या हेल्मेटवर. नीरजा म्हणाली, "काका, राहू द्या, काही नाही झालं." अर्ध्या मिनिटापूर्वी ती त्याच जागी वाकून हेल्मेटचा पट्टा सोडवत होती.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि चूक कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मी आयुष्यात फारशी केलेली नाही.

संध्याकाळी घरात दरबार भरला. यशवर्धन, त्याची बायको मधुरिमा, महूहून टॅक्सीने आलेली लक्ष्मी, आणि नात पलक. पलक वीस वर्षांची आहे, इंजिनीअरिंगला आहे, आणि या घरात डोकं घेऊन जन्माला आलेली एकटीच. मधुरिमाचा आवाज आधीच साखरेत घोळलेला, त्यात अशा वेळी तर ती पुटपुटतेच. मी तिला दोनदा मोठ्याने बोलायला लावलं.

"बाबा, वाईट नका वाटून घेऊ," ती म्हणाली. "पण इस उम्र में रिफ्लेक्सेस स्लो होतातच. आम्ही ड्रायव्हर लावतो. नाहीतर ॲपवरून गाडी बोलवत जा. कितना कम्फर्टेबल!"

"तुमची किल्ली माझ्याकडे राहील," यशवर्धन म्हणाला आणि त्याने ती खरोखरच खिशात टाकली.

लक्ष्मी जमिनीकडे बघत बसली. मला तिचा राग आला. सात वर्षं हिला सगळीकडे फिरवलं, आणि वेळ आली तेव्हा माझ्या बाजूने एक शब्द नाही!

किल्ली गेली म्हणजे काय गेलं ते या लोकांना सांगून कळणार नव्हतं. यापुढे मला कोणीतरी कुठेतरी सोडणार आणि न्यायला येणार. सकाळी पोहे खायला जायचं तर आधी यशवर्धनची मीटिंग बघायची. महूचा गुरुवार ड्रायव्हरच्या सुट्टीवर ठरणार. जन्मभर स्वतःच्या पायावर आणि नंतर स्वतःच्या चाकांवर फिरलो, आता मी म्हणजे एक सामान होतो. दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. जेवलो मात्र, कारण उपाशी राहिलो असतो तर त्यालाही या लोकांनी वयच कारण दिलं असतं.

तिसऱ्या दिवशी पलकने गाडी धुवायला बाहेर काढली आणि धावत आत आली.

"आजोबा, रिव्हर्सला बीप येतच नाहीये! पहले तो आता था ना? मागे काही आलं की टीं टीं व्हायचं."

मी ताडकन उठलो. सापडला चोर! गाडीच्या मागच्या बंपरमध्ये सेन्सर आहेत, मागे काही आलं की ते आवाज करतात, आणि जवळ आलं की आवाज लागूनच येतो. त्या देवेंद्रने तो आवाज कापून टाकला होता. म्हणजे मी निर्दोष! त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तो आवाज मी शेवटचा कधी ऐकला हे आठवून बघायचं मला सुचलंच नाही.

रात्री जेवताना मी यशवर्धनला धुतला. "चोर सोडून संन्याशाला फाशी! तुझ्या मित्राने दातांनी तारा खाल्ल्या आणि किल्ली माझी जप्त?"

"नाचता येईना अंगण वाकडं, बाबा."

"ठीक आहे. मी अंगण सरळ करून आणतो. बीप परत आणतो. मग सगळ्यांसमोर रिव्हर्स घेऊन दाखवतो. जमलं तर किल्ली माझी, आणि पुन्हा कोणी माझ्या वयाचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ती तुझी. मरेपर्यंत."

लक्ष्मी म्हणाली, "अहो, पैज कशाला? राहू द्या ना." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पलकला घेऊन देवेंद्रकडे गेलो. तो म्हणाला, "बीप? वो तो कंपनी वाले स्टिरिओ के साथ गया अंकलजी. कैमरा दिया ना आपको!" जुना स्टिरिओ कुठे आहे, विचारलं, तर तो कोणीतरी घेऊन गेलं होतं. कोण, ते त्याला आठवत नव्हतं. "सच बताऊँ? आजकल बीप सुनता कौन है!" असं म्हणून तो दुसऱ्या कोणाचा तरी डॅशबोर्ड उचकटायला निघून गेला.

शेवटी नाव कळलं ते यशोधराकडून. महूच्या रस्त्यावर, राऊ गावाच्या पुढे, पंचशीला नावाची एक बाई गाड्यांचं वायरिंग करते. तिचे वडील वाल्मिक महूच्या लष्करी वर्कशॉपमध्ये हवालदार होते, काम त्यांनीच शिकवलं. मी मनात म्हटलं, चला, आता ही काय कापते ते बघू.

पण तिथे पोचलो आणि माझ्या जिभेला काम उरलं नाही. शेड लहान, पण जमिनीवर तेलाचा डाग नाही. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली, आणि प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीत. एखादं जागेवर नसेल तर लांबूनच कळावं. पंचशीला चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, खिशात मीटर. तिने स्क्रीन काढली, सुरी न वापरता, आणि आतला गुंता टॉर्चच्या उजेडात बघत राहिली.

"काका, ये किसने किया?"

"माझ्या मुलाच्या मित्राने."

"दातांनी सोललंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दात दिसतात." तिने एक तार माझ्यापुढे धरली. खरोखरच दिसत होते.

मग तिने समजावून सांगितलं. या गाडीला रिव्हर्ससाठी वेगळा भोंगा नाही. सेन्सर स्टिरिओला कळवतो आणि स्टिरिओ स्पीकरमधून टीं टीं काढतो. स्टिअरिंगची बटणंही त्यालाच जोडलेली. स्टिरिओ गेला की हे सगळं गेलं. "लोकांना वाटतं स्टिरिओ म्हणजे गाणी," ती म्हणाली. "काढण्याआधी त्याच्याकडे आणखी काय काय काम आहे ते बघावं लागतं."

"मग जुना परत आणावा लागेल?"

"नको. नवी स्क्रीन राहू द्या. गाडीच्या तारा आणि स्क्रीन यांच्यामधे एक छोटा बॉक्स बसतो. तो बटणं चालवतो, बीपपण देतो. पण गाडीच्या बाजूचा प्लग कापलाय, तो मला शोधून आणावा लागेल. आठ दिवस द्या." मग तिने विचारलं, "काका, तुम्ही बीप ऐकूनच रिव्हर्स घेता ना?"

"म्हणजे काय! सात वर्षं."

ठरल्या दिवशी पलक, लक्ष्मी आणि मी, तिघांसमोर पंचशीलाने काम केलं. प्रत्येक तार मीटरने तपासली, रंग वहीत लिहून घेतला, मगच जोडली. पिळापिळी नाही, प्रत्येक सांध्याला कथलाचा डाग दिला आणि वर नळी चढवली. सांधा झाला की ती तार ओढून बघायची. बंद पडलेलं डॅशबोर्डवरचं घड्याळ सुरू झालं. स्टिअरिंगवरच्या बटणाने आवाज वाढला तेव्हा मी ते बटण उगाचच पाचसहा वेळा दाबलं. कॅमेऱ्यातली भिंतसुद्धा तिने आपल्या बाजूला परत पाठवली. मग मी ड्रायव्हर सीटवर बसून रिव्हर्स टाकला, आणि ती मागे जाऊन बंपरजवळ उभी राहिली.

"आला?" तिने विचारलं.

"आला!" पलक बाहेरून ओरडली. लक्ष्मीने मान हलवली.

"आला," आरशात पंचशीलाकडे बघत मीही म्हणालो.

इथे मला खरं सांगितलं पाहिजे. शेडमध्ये हवेचा कंप्रेसर चालू होता, तेव्हा मला वाटलं की त्या घरघरीत मला नीट ऐकू आलं नाही. पण नात आला म्हणते, बायको मान हलवते, बाईने एवढं काम केलंय, मग आपणच एकट्याने नाही कशाला म्हणा? आमच्या घराण्याने होळकर सरकारात काही केलं असेल तर हेच केलं असेल. चार जणांनी मान हलवली की आपणही हलवायची, मग सरकार काय बोललं ते कळो न कळो. ज्या दरबारीपणाची मी आयुष्यभर टिंगल केली, तो त्या क्षणी माझ्या मानेत बसला होता.

रविवारी सकाळी परीक्षा. जागा लालबागच्या बाजूचं मोकळं मैदान. यशवर्धनने सियागंजहून साबणाचे रिकामे खोके आणून माणसाच्या छातीइतके रचले होते. पंचशीलाही आली. "मेरे काम का टेस्ट है तो मला यावंच लागेल," ती म्हणाली.

यशवर्धनने नियम सांगितले. काचा खाली, म्हणजे बाहेर सगळ्यांना ऐकू येईल. स्क्रीनवर पुठ्ठा, म्हणजे प्रश्न फक्त बीपचा. गाडीत बाबा एकटे. खोक्यांना न लागता एका हाताच्या आत थांबवायची.

"एकटे कशाला?" लक्ष्मी म्हणाली. "मी बसते शेजारी."

"तू बाहेर थांब," मी खेकसलो. "मी काय शाळेत निघालोय?"

रिव्हर्स टाकला. गाडी मागे सरकू लागली. मी कान देऊन बसलो. मैदान शांत होतं, कंप्रेसर नव्हता, रहदारी लांब होती. एक पाऊल, दोन पावलं. आवाज येईल तेव्हा थांबायचं, एवढंच तर होतं. आवाज येत नव्हता. म्हणजे खोके अजून लांब. आणखी थोडं. आरशात मला मधुरिमा दिसली, तिने तोंडावर हात धरला होता.

खोके चिरडल्याचा आवाज आला, पुठ्ठा फाटल्याचा. मी ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो, "वाजलाच नाही! बघितलंत? आठ दिवस घेतले, वहीत रंग लिहिले, आणि बीपचा पत्ता नाही! बाई, तुमच्यात आणि त्या दातवाल्यात फरक काय?"

माझा पाय ब्रेकवर होता, गाडी अजून रिव्हर्समध्येच होती. पलक खिडकीजवळ आली. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"आजोबा, वाजतोय."

"कुठे वाजतोय?"

"अभी भी. आत्ता. मघापासून वाजतोय."

मी यशवर्धनकडे बघितलं. पैज जिंकल्यावर माणूस हसतो. तो त्याच्या बुटांकडे बघत होता. तो हसला असता तर बरं झालं असतं, निदान मला त्याच्यावर भडकता आलं असतं. मग मी स्पीकरच्या जाळीवर कान ठेवला. जाळी गालाला बारीक थरथरल्यासारखी लागली. ऐकू काही आलं नाही.

लक्ष्मी चालत आली, डावीकडचं दार उघडून आत बसली आणि पदर सावरला.

"पुढे घ्या," ती म्हणाली. मी घेतली. पलकने उरलेले खोके पुन्हा रचले. "आता मागे."

मी मागे घेऊ लागलो. ती समोर बघत होती. खोक्यांकडे तिने वळूनही बघितलं नाही.

"बास."

मी थांबलो. यशवर्धनने खोके आणि बंपर यांच्यात हात घातला. बरोबर एक हात.

सात वर्षं ती हेच म्हणत होती. फाटकात, बाजारात, महूला यशोधराच्या गल्लीत. मी समजत होतो तिला गाडीची भीती वाटते, बायकांना वाटतेच. मी तर तिला दोनचारदा सुनावलंही होतं की सारखं बास बास करू नकोस, मला कळतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"गिरणी सुटली तेव्हापासून. कुकरची शिट्टी तुम्हाला ऐकू येते. मोबाइल वाजतो तो येत नाही. चिमण्या येत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, आजकाल सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. आठ दिवस जेवताना बोलला नाहीत माझ्याशी. मग मी शेजारी बसायला लागले. बीप गेला तेव्हा मागे वळून बघून बास म्हणायचे. त्या दिवशी मी महूला होते. फोन करून सांगायला पाहिजे होतं की येऊ नका, मी टॅक्सीने येते. नीरजाचं काही झालं असतं तर ते माझ्या माथी होतं."

"तुझ्या?"

मी देवेंद्रला शिव्या घातल्या, यशवर्धनला घातल्या, मधुरिमाला, स्क्रीनला, आणि आत्ता दोन मिनिटांपूर्वी ज्या बाईने माझ्या गाडीची एकही तार कापली नव्हती तिलाही. तारा कापल्या होत्या हे खरं. पण सगळ्या तारा शाबूत असत्या, कंपनीचा स्टिरिओ जागेवर असता, तरी त्या सकाळी बीप वाजला असता आणि मी नीरजाच्या स्कूटरवर गाडी घातलीच असती. ती टिफिन विसरली म्हणून वाचली. माझ्यामुळे नाही. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

खाली उतरलो आणि पंचशीलाला हात जोडले. "चुकलो."

"मला त्या दिवशी शेडमध्येच शंका आली होती," ती म्हणाली. "तुम्ही आला म्हणालात, पण माझं तोंड बघून म्हणालात. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. काका, गाडीचं काम मी केलं. कानाचं काम मेरे पास नहीं है. डॉक्टरकडे जा, मशीन मिळतं."

किल्ली मी यशवर्धनपुढे धरली. तो ती घेईना.

"राहू द्या बाबा. पैज-बैज छोडो. आधी मशीन लावून बघू, मग..."

"घे," मी म्हणालो. "मशीन लागेल तेव्हा बघू. आज ही माझ्याकडे नको." मी ती त्याच्या मुठीत दाबली.

त्याने ती पलककडे दिली. पलक चालवायला बसली. लक्ष्मी मला काही न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसली, तेव्हा डावीकडची तिची जागा माझ्यासाठी उरली. फाटलेले खोके मागेच पडले होते, त्यांच्यापासून वळवून गाडी काढायची होती. पलकने रिव्हर्स टाकला. गाडी हळू मागे जाऊ लागली. पलकला ऐकू येत असणार, मागे लक्ष्मीलाही. त्या सीटवर बसणाऱ्याने बास म्हणायचं असतं, म्हणून मी तोंड उघडलं आणि तसाच बसून राहिलो. कधी म्हणायचं ते मला कळेना.